संगणक सुरूच होत नाही : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) संपतो, वावधन (वादळ) सुटतं, लाईन जाते-येते आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. म्हणून या महिन्यात फक्त बंद पडलेल्या संगणकांचे प्रश्न घेतले आहेत. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजी वापरावेत.

प्रश्न : गेल्या आठवड्यात वादळात लाईन तीनदा गेली-आली. तेव्हापासून दुकानातल्या कॉम्प्युटरवर ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’ येतं, पडदा काळा होतो आणि पुन्हा तेच. विंडोज १० आहे. टॅलीत सगळा हिशोब आहे, बॅकअप मार्चअखेरचा. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारावं लागेल. मारू द्यावं का?
— धान्याचे ठोक व्यापारी, इतवारी

फॉरमॅट मारू देऊ नका, निदान डेटा हातात येईपर्यंत तरी नाही. विंडोज दोन तासांत पुन्हा टाकता येतं. एप्रिलपासूनच्या नोंदी मात्र कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. आधी डेटा बाहेर काढायचा आणि मगच दुरुस्तीला हात घालायचा, हा क्रम मोडू नका. आणखी एक गोष्ट आजपासूनच पाळा : ‘या वेळी होईल सुरू’ म्हणून बटण दाबत राहू नका. प्रत्येक अर्धवट सुरुवातीत विंडोज डिस्कवर काही ना काही लिहितं, आणि डिस्क आजारी असेल तर ती आणखी खचते.

झालं काय असावं ते आधी सांगतो, कारण उपाय त्यावरच ठरतो. तुम्ही ‘सेव्ह’ केलं की मजकूर लगेच डिस्कवर जातो असं नाही. ऑपरेटिंग सिस्टीम तो काही सेकंद मेमरीत ठेवते आणि सवडीने लिहिते, तरच यंत्र वेगाने चालतं. डिस्कच्या आतही स्वतःची छोटी मेमरी असते. नेमक्या त्या क्षणी लाईन गेली की लिखाण अर्धवट राहतं. यावर उपाय म्हणून एनटीएफएस ही विंडोजची फाइल व्यवस्था एक रोजमेळ ठेवते. फाइलच्या नावात, जागेत, आकारात बदल करण्याआधी ती तो बदल रोजमेळात टिपते आणि पुढच्या वेळी रोजमेळ वाचून अर्धं काम पुरं करते किंवा मागे घेते. पण रोजमेळात फाइलचा आतला मजकूर नसतो, फक्त मांडणी असते. त्यामुळे फाइल जागेवर दिसते, पण आतून फाटलेली निघते, असं घडू शकतं. ती फाटलेली फाइल विंडोजच्या स्वतःच्या कामाची असली की तुम्हाला दिसतो तसा फेरा सुरू होतो.

आता काम. कॅबिनेटला कान लावा. डिस्कमधून टक्-टक् असा ठराविक आवाज येत असेल तर इथेच थांबा, वीज काढा आणि डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. पुढचं काहीही तुमच्यासाठी नाही. आवाज नसेल तर निळ्या पडद्यावर ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘ट्रबलशूट’, पुन्हा ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि ‘कमांड प्रॉम्प्ट’ असं जा. हा पडदा सलग दोनदा सुरुवात फसली की तिसऱ्या खेपेला आपोआप येतो. तोही येत नसेल तर दुसऱ्या संगणकावर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह बनवा, त्यावरून सुरू करा आणि ‘इन्स्टॉल’ न दाबता ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ निवडा.

पुरेशी जागा असलेला पेन ड्राइव्ह लावा, कमांड प्रॉम्प्टवर ‘नोटपॅड’ टाइप करा आणि त्यातलं ‘फाइल – ओपन’ उघडा. खाली ‘ऑल फाइल्स’ निवडलं की हीच खिडकी फोल्डर पाहण्यासाठी आणि कॉपी करण्यासाठी चालते. या ठिकाणी ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात : नेहमीचा सी इथे डी किंवा ई दिसेल. ज्यात विंडोज आणि यूजर्स हे फोल्डर आहेत तो तुमचा. टॅलीप्राइमचा डेटा सहसा यूजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा या मार्गावर पाच-सहा अंकी आकड्यांच्या फोल्डरांत असतो. सगळा डेटा फोल्डर कॉपी करून पेन ड्राइव्हवर पेस्ट करा. कॉपी चालू असताना इथे प्रगतीची पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. घाई करू नका.

फाइल्स फार असतील तर रोबोकॉपी ही कमांड बरी : रोबोकॉपी, मग कुठून, मग कुठे, आणि शेवटी /ई /आर:१ /डब्ल्यू:१. शेवटचे दोन विसरू नका. ते दिले नाहीत तर वाचता न येणाऱ्या एका फाइलसाठी ही कमांड दर ३० सेकंदांनी तब्बल १० लाख वेळा प्रयत्न करते, म्हणजे तिथेच अडकून बसते.

पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर लावा, तिथे टॅलीची तीच किंवा तिच्यापुढची आवृत्ती घ्या, डेटाची आणखी एक प्रत करा आणि त्या प्रतीवर कंपनी उघडून शेवटच्या दिवसाची नोंद पाहा. रिपेअर चालवायचं झालं तर तेही प्रतीवरच. शेवटची नोंद डोळ्यांनी दिसेपर्यंत डेटा वाचला असं धरू नका.

इतकं झालं की दुरुस्ती. तुमच्या विंडोजचं अक्षर डी आहे असं धरून लिहितो.

१. चेकडिस्क (सीएचकेडीएसके) डी: /एफ. ही फाइल व्यवस्थेची मांडणी दुरुस्त करते. /आर लावलं तर ती सगळी डिस्क वाचून खराब जागा शोधते. एक टेराबाइटच्या फिरत्या डिस्कवर त्याला कित्येक तास लागतात. डेटा बाहेर काढण्याआधी हे कधीच चालवू नये, कारण मरणाऱ्या डिस्कला अख्खी वाचायला लावणं म्हणजे तिचे उरलेले श्वास यात घालवणं आहे.

२. लाईन अपडेट चालू असताना गेली असेल तर : डीआयएसएम /इमेज:डी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स. अर्धवट अपडेट मागे घेतलं जातं. याच मेनूत ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ हाही पर्याय आहे.

३. एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडीआयआर=डी:\ /ऑफविनडीआयआर=डी:\विंडोज. विंडोजच्या फाटलेल्या फाइल्स मूळ साठ्यातून बदलल्या जातात.

४. बीसीडीबूट डी:\विंडोज. सुरुवातीच्या फाइल्स नव्याने मांडल्या जातात. इंटरनेटवर सगळीकडे ‘बूटरेक /फिक्सबूट’ सुचवलेलं असतं. नव्या यूईएफआय पद्धतीच्या यंत्रांवर ते बहुधा ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणून परत फिरतं. बीसीडीबूट अधिक भरवशाचं आहे.

चारही करून उपयोग झाला नाही तर विंडोज नव्याने टाकावं, पण याच डिस्कवर नाही. २५६ जीबीची नवी एसएसडी घ्या, तीवर टाका, जुनी डिस्क नाव-तारीख लिहून महिनाभर कपाटात ठेवा. काहीतरी राहून गेल्याचं नेहमी आठ-दहा दिवसांनी लक्षात येतं. आणि टाकायचंच आहे तर संगणकाला चालत असेल तर विंडोज ११ टाका. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

प्रश्न : घरी मोठा इन्व्हर्टर आहे, पंखे-दिवे लुकलुकतसुद्धा नाहीत, तरी लाईन गेली की संगणक रीस्टार्ट होतो. असं का?
— गृहिणी, प्रतापनगर

इन्व्हर्टरच्या मागच्या किंवा बाजूच्या छोट्या बटणामुळे. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. संगणकाच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतात. इन्व्हर्टर ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ मोडवर असेल तर बॅटरीवर जायला ४० मिलिसेकंदांच्या आसपास लागू शकतात. पंख्याला ते कळतही नाही, संगणकासाठी मात्र ती अख्खी रात्र असते. बटण ‘यूपीएस’ मोडवर करा, वेळ १० ते २० वर येते. याची एक किंमत आहे : या मोडमध्ये दाब साधारण १८० व्होल्टच्या खाली गेला की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, त्यामुळे उन्हाळ्याच्या संध्याकाळी दाब उतरला की बॅटरी जास्त वापरली जाईल.

तरीही रीस्टार्ट होत असेल तर पॉवर सप्लाय म्हातारा झाला आहे. तो बदला, नाहीतर संगणकापुरता ६०० व्हीएचा वेगळा यूपीएस घ्या. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे, बहुतेकांत ३६० वॉटच. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. ती नवी असताना साधा संगणक आणि मॉनिटर पंधरा मिनिटांच्या आसपास चालतो. काम सेव्ह करून नीट बंद करायला तेवढं पुरतं, तासभर काम करायला नाही. लेझर प्रिंटर चुकूनही त्यावर लावू नका. छपाईचा रोलर तापवताना तो एकटाच यूपीएस बंद पाडतो.

बॅटरीबद्दल नागपूरकरांनी एक लक्षात ठेवावं. अशा बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना धरून सांगितलेलं असतं, आणि त्याच्या वर दर १० अंशांना ते जवळपास निम्मं होतं असा ठोकताळा आहे. यूपीएस टेबलाखाली भिंतीला चिकटून, बंद खोलीत असेल तर तीन वर्षांची बॅटरी दीड वर्षात बसली यात नवल नाही. दर दोन महिन्यांनी सगळं सेव्ह करून भिंतीवरचं बटण बंद करा आणि घड्याळ लावा. पाच मिनिटांच्या आत शिट्टी जोरात वाजू लागली की बॅटरी बदला.

प्रश्न : मे लागल्यापासून संगणक रोज दुपारी दोन ते पाचमध्ये आपोआप बंद पडून राहिला आहे. रात्री बारापर्यंत बसलं तरी काही होत नाही. व्हायरस असेल का?
— वाचक, मानेवाडा

व्हायरसला दुपार-रात्र कळत नाही. हे उष्णतेचं काम आहे. पंख्याने प्रोसेसर खोलीपेक्षा थंड करता येत नाही, फक्त खोलीच्या जवळ आणता येतो. खोली २७ अंशांना असताना ७५ वर चालणारा प्रोसेसर खोली ४२ झाली की तेवढ्याच कामाला ९० वर जातो. बहुतेक प्रोसेसर ९५-१०० अंशांना स्वतःचा वेग कमी करतात आणि तरी तापमान वाढलं तर वीज तोडतात. तुमचा अनुभव त्याच्याशी जुळतो.

खात्री करून घ्या. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिस्टीम’ पाहा. बंद पडल्याच्या वेळेला ‘कर्नल-पॉवर, ४१’ अशी नोंद असेल. या नोंदीला घाबरून लोक विंडोज बदलतात, पण ती फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नाही. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ शून्य असेल तर निळा पडदा न येता वीजच गेली : उष्णता, पॉवर सप्लाय किंवा घरची लाईन. शून्य नसेल तर दोष ड्रायव्हर, मेमरी किंवा डिस्कमध्ये शोधावा. एचडब्ल्यूइन्फोसारखं मोफत साधन दुपारी चालू ठेवून प्रोसेसरचं कमाल तापमान टिपा.

मग साफसफाई. वीज काढा, कॅबिनेट उघडा आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा उलटा गरगरून त्याचं बेअरिंग जातं. प्रोसेसरवरचा थर्मल पेस्ट तीन-चार वर्षांचा असेल तर वाळून खडू झालेला असतो. जुना पुसून मटारच्या दाण्याएवढा नवा ठेवा. जास्त थापल्याने जास्त थंड होत नाही. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आत घातक दाब शिल्लक असतो. त्याचा पंखा फिरत नसेल किंवा आवाज करत असेल तर डबाच बदला.

आता कूलर. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवण्याची आपल्याकडे फार सवय आहे, आणि ती वाईट आहे. वाळ्याच्या ताट्यांतून उडणारे बारीक थेंब बोअरच्या पाण्यातले क्षार घेऊन येतात. ते धुळीवर बसले की मदरबोर्डवर पांढरट चिवट थर होतो, आणि पावसाळ्यात तो ओल धरतो. कॅबिनेट झोताच्या बाजूला, भिंतीपासून निदान वीतभर अंतरावर ठेवा. खोली थंड झाली की यंत्रही थंड होतं, त्यासाठी झोत लागत नाही.

प्रश्न : लॅपटॉपचं बायॉस अपडेट केलं आणि आता तो ४८ अंकी ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ मागतो. मी असं काही चालूच केलं नव्हतं. प्रोजेक्ट आत आहे.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, हिंगणा रोड

तू चालू केलं नसशील, विंडोजने केलं. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा साइन इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर हे बहुतेक यंत्रांवर होतं. किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते. सुरुवातीची मांडणी ओळखीची वाटली तरच चिप ती देते. बायॉस (यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) बदललं, चिपला यंत्र अनोळखी वाटलं, म्हणून तिने हात आखडता घेतला. यात बिघाड काही नाही.

आधी बायॉसमध्ये जाऊन ‘सिक्युअर बूट’ आणि टीपीएम चालू आहेत का पाहा. इंटेलमध्ये टीपीएमला पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम म्हणतात. अपडेटने सेटिंग मूळ पदावर गेली असतील तर ती पूर्ववत केल्यावर कित्येकदा किल्ली न मागता यंत्र सुरू होतं. टीपीएम ‘क्लिअर’ करण्याचा पर्याय दिसेल, त्याला हात लावू नकोस.

नाही झालं तर पडद्यावरच्या ‘की आयडी’ची पहिली आठ अक्षरं लिहून घे आणि मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ‘रिकव्हरी कीज’ पाहा. तिथे काहीच नसेल तर आठव : पहिल्या दिवशी कॉलेजच्या ईमेलने साइन इन केलं होतं का? तसं असेल तर किल्ली कॉलेजच्या खात्यात जमा असते आणि ती तिथला संगणक विभागच काढून देऊ शकतो. की आयडी घेऊन त्यांच्याकडे जा. लॅपटॉप सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाचं खातं विचार. यांपैकी कुठेच किल्ली नसेल तर डिस्कवरचा मजकूर परत मिळत नाही. ‘आम्ही बिटलॉकर फोडून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नकोस.

सुरू झाल्यावर ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टवर ‘मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:’ दे, आलेले ४८ अंक वहीत उतरव आणि वही घरी ठेव. पुढच्या बायॉस अपडेटआधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ कर.

प्रश्न : आमच्या सेवा केंद्रात चार संगणक आहेत. २०२४ मध्ये एका अपडेटने जगभर संगणक बंद पडले होते, तेव्हापासून मी अपडेट बंदच ठेवले आहेत. योग्य केलं ना?
— सेवा केंद्र चालक, सावनेर

भीती समजते, पण उपाय उलटा झाला. १९ जुलै २०२४ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक नवी फाइल पाठवली. ते विंडोजचं अपडेट नव्हतं. त्या फाइलमधली माहिती २१ रकाने गृहीत धरत होती, सॉफ्टवेअर २०च पुरवत होतं. एकविसावा वाचायला गेल्यावर ते मेमरीच्या भलत्याच जागी पोचलं. साधा प्रोग्राम असता तर एकटा बंद पडला असता. हा मात्र ड्रायव्हर होता, कर्नलच्या म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या आत चालणारा, आणि कर्नलच्या आतली चूक अख्ख्या यंत्राला खाली बसवते. ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली गेली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख यंत्रं बंद पडली होती. आपल्या विमानतळांवरही हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकण्याएवढाच होता, पण प्रत्येक यंत्रापाशी माणूस जावा लागला आणि बिटलॉकरची किल्ली नसलेली यंत्रं तिथेही अडली.

यातून घ्यायचं ते हे : सगळी यंत्रं एकाच दिवशी बदलू नका. विंडोजची मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री उशिरा येतात. चारपैकी एक संगणक, शक्यतो कमी वर्दळीच्या खिडकीवरचा, लगेच अपडेट होऊ द्या. उरलेल्या तिघांवर ‘पॉज अपडेट्स’ एक आठवडा ठेवा (विंडोज ३५ दिवसांपर्यंत थांबू देतं). पहिल्यावर आठवडाभर बोटांचे ठसे घेणारं यंत्र, प्रिंटर आणि डिजिटल स्वाक्षरीचं टोकन नीट चाललं की बाकीचे सोडा. या तीन वस्तूंचे ड्रायव्हरच अपडेटनंतर रुसतात, त्यांचे इन्स्टॉलर एका पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. लोकांचे आधार आणि उत्पन्नाचे कागद हाताळणारा संगणक अपडेटविना इंटरनेटवर ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, म्हणून आजच सुरू करा.

प्रश्न : काहीही बिघडलं की मुलगा म्हणतो, बाबा, रीस्टार्ट करा. आणि खरंच बरं होतं! यामागे शास्त्र आहे का?
— निवृत्त शिक्षक, धरमपेठ

आहे, आणि सुरेख आहे. सुरू झालेला संगणक ठरलेल्या, हजारो वेळा तपासलेल्या अवस्थेतून निघतो. दिवसागणिक तो अशा अवस्थांत जातो ज्या कोणीच तपासलेल्या नसतात : कुणी मेमरी घेऊन परत दिलेली नसते, कुठला आकडा फुगत गेलेला असतो. रीस्टार्ट त्याला पुन्हा ओळखीच्या जागी आणतो. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये सुरुवातीपासूनचे मिलिसेकंद ३२ बिटांच्या आकड्यात मोजले जात. तो आकडा ४९.७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर येई आणि यंत्र गोठे. गणित करून पाहा : २ चा ३२ वा घात भागिले ८,६४,००,०००.

जिथे बटण दाबायला माणूस नसतो तिथे हेच काम ‘वॉचडॉग’ नावाचा पहारेकरी करतो. मंगळावर १९९७ साली उतरलेलं पाथफाइंडर यान पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं. कमी महत्त्वाच्या कामाने अडवून धरलेली वस्तू महत्त्वाच्या कामाला वेळेत मिळत नव्हती आणि पहारेकरी यान नव्याने सुरू करत होता. त्यामुळे यान हातचं गेलं नाही, आणि अभियंत्यांनी पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवली. तुमच्या घरच्या विंडोजमध्येही छोटा पहारेकरी आहे : ग्राफिक्स ड्रायव्हर दोन सेकंद गप्प राहिला की विंडोज फक्त त्यालाच नव्याने सुरू करतं. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो तो त्यामुळे.

एक व्यवहाराची गोष्ट. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउनमध्ये कर्नलची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच, दुखण्यासकट, परत येते. ‘रीस्टार्ट’ मात्र खरोखर नव्याने सुरू करतो. आणि एकच दुखणं आठवड्यातून दोनदा रीस्टार्ट मागत असेल तर ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडून (रनमध्ये परफमॉन /रेल) लाल फुली कोणत्या प्रोग्रामसमोर येते ते पाहा.

प्रश्न : विंडोज नाही, उबुंटू (लिनक्स) वापरतो. लाईन गेल्यावर ‘इनिटरॅमएफएस’ असा काळा पडदा येतो, दर पावसाळ्यात दोन-तीनदा.
— वाचक, कामठी

पडद्यावर वरच एखाद्या विभागाचं नाव असेल, उदाहरणार्थ /डेव्ह/एसडीए२. ‘एफएससीके -वाय’ आणि ते नाव द्या, झाल्यावर ‘एक्झिट’. पण दरवर्षी हे होत असेल तर दोष फक्त लाईनचा धरू नका. उबुंटूच्या ईएक्सटी४ या फाइल व्यवस्थेलाही रोजमेळ असतो आणि साध्या वीजखंडानंतर तो सहसा स्वतः सावरतो. ‘स्मार्टसीटीएल -ए’ने डिस्कचा अहवाल काढा. क्रमांक ५, १९७ आणि १९८ समोरच्या शेवटच्या रकान्यात शून्य हवं. १९७ वाढत असेल तर डेटा आजच हलवा. फक्त १९९ वाढत असेल तर डिस्क ठीक आहे, साटा केबल बदला.

यंत्र पूर्ण गोठलं तर बटण पाच सेकंद दाबण्याआधी ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून एस, यू, बी ही अक्षरं दोन-दोन सेकंदांनी दाबा. मेमरीतलं लिखाण डिस्कवर जातं, डिस्क फक्त-वाचन होते आणि मग रीबूट. उबुंटूत ही तीन अक्षरं मुळातच चालू असतात.

प्रश्न : निळा पडदा येतो, पण प्रत्येक वेळी वेगळा कोड. कोणता खरा?
— वाचक, महाल

एकही नाही. रोज वेगळा कोड म्हणजे बहुधा रॅम (मेमरी) खराब. मेमटेस्ट८६+ पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तरी ती एक फार झाली. बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवण्याची सेटिंग) चालू असेल तर बंद करून पुन्हा तपासा, मग रॅमची एकेक पट्टी काढून. पट्टीचे सोनेरी टोक स्वच्छ खोडरबराने हलके पुसून नीट, दोन्ही बाजूंनी ‘टक्’ होईपर्यंत बसवा. नव्या रॅमआधी एवढं करून पाहणं रास्त.

प्रश्न : बॅकअप रोज घेते, बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती कायम संगणकाला लावलेलीच असते. पुरेसं आहे ना?
— करसल्लागार, सीताबर्डी

अर्धंच. लावून ठेवलेली डिस्क विजेच्या त्याच झटक्यात जळते आणि खंडणीखोर व्हायरस तिलाही कुलूप घालतो. आणखी एक डिस्क घ्या. सोमवारी पहिली, गुरुवारी दुसरी, आणि जी लावलेली नाही ती ऑफिसात नव्हे, घरी. तिसरी प्रत क्लाउडवर असली तर उत्तम. दर तीन महिन्यांनी एका ग्राहकाचं फोल्डर बॅकअपमधून दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडून पाहा; नुसतं ‘बॅकअप पूर्ण’ हा संदेश वाचून थांबू नका. डिस्कच्या खोक्यात विंडोजचा रिकव्हरी पेन ड्राइव्ह (३२ जीबीचा घ्या) आणि बिटलॉकरचे ४८ अंक लिहिलेला कागद ठेवा, मात्र कागद पाकिटात बंद करून आणि घरच्याच खोक्यात.